सांधा कळत नाही

रेडिओवर ज्यांना सगळे आवाजसाहेब म्हणत, त्यांनी सव्वीस वर्षांत एकाही लेखकाला समोर बसवून प्रश्न विचारला नव्हता. हे ऐकून त्यांचे चाहते अंगावर धावून येतील. येऊ देत, खरं ते खरं. दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता त्यांची पुस्तकांवरची मुलाखत लागायची आणि लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. काय तो आपलेपणा, जसं काही लेखकाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेत. लेखक बिचारा मंगळवारी सकाळीच येऊन, बोलून, घरी गेलेला असायचा. मंगळवारी सकाळी साहेब अंथरुणात असायचे.

प्रश्न विचारायची ती कात्री. कात्री म्हणजे संकलन करणारी बाई. बारशाचं नाव दुसरं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या यादीत उरलं होतं. पुस्तक तीच वाचायची, प्रश्न तीच काढायची, पाहुण्यासमोर तीच बसायची. पाहुण्याला आधी कल्पना दिली जायची, सही घेतली जायची. गुरुवारी चार वाजता साहेब यायचे आणि कागदावरचे प्रश्न वीस मिनिटांत वाचून मोकळे व्हायचे. मग कात्री स्वतःचा आवाज काढून त्या जागी साहेबांचा बसवायची. सहाला कार्यक्रम.

या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुठे श्वास ठेवायचा, कुठे खुर्चीची कुरकुर राहू द्यायची, म्हणजे माणसं खरंच एका खोलीत बसल्यासारखी वाटतात, हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. आणि एकदा हात बसला की माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच, कशाला लपवा. एक शिल्पकार आपलं पुस्तक घेऊन आला होता. दगडाबद्दल विचारलं तर हूं की चूं नाही. मध्येच आपल्या कुत्र्याबद्दल म्हणाला, "तो माझ्याशी बोलतो, मी त्याच्याशी. घरात बाकी कोणाशी माझं पटत नाही." कात्रीने ते उचललं आणि 'दगडाशी तुमचं नातं काय?' या प्रश्नापुढे नेऊन ठेवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिल्पकाराने स्वतः पत्र लिहून आभार मानले.

असल्या गोष्टी ती घरी आईला सांगायची. आई हसून हसून खोकायला लागायची. "म्हणजे तुम्ही कुणाच्याही तोंडून काहीही वदवाल की गं," म्हणायची. कात्री म्हणायची, "काहीही. फक्त शब्द मिळायला हवेत." मायलेकींची दिवसभरातली करमणूक तेवढीच होती.

आता आईचं सांगायला हवं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचा नवरा, म्हणजे कात्रीचा बाप, नट. साधासुधा नव्हे, मोठा नट. टॅक्सीवाले त्याच्याकडून पैसे घेत नाहीत असला नट. कात्री बारा वर्षांची असताना तो आपल्या नायिकेच्या घरी राहायला गेला, तो परत आला नाही. आईने आदळआपट केली नाही. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली, मुलगी वाढवली. गेली तीस वर्षं दोघी एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत होत्या. त्या इमारतीत आईला नाव नव्हतं. 'त्या नटाची पहिली', एवढीच तिची ओळख. नव्या बिऱ्हाडाला जुनं बिऱ्हाड जिन्यातच ती करून द्यायचं.

नायिका दोन महिन्यांपूर्वी वारली. त्याच सुमाराला नटाचं आत्मचरित्र बाजारात आलं, आणि साहजिकच गुरुवारच्या कार्यक्रमाला त्याचं बोलावणं गेलं. कात्रीला सुट्टी घेता आली असती. तिने घेतली नाही. पुस्तक तीनशे चाळीस पानांचं, त्यात नाटकाच्या दौऱ्यांना दीडशे पानं, एका पाळीव पोपटाला तीन. आणि आईला एक वाक्य. 'घरची आघाडी पत्नीने समर्थपणे सांभाळली.' ते वाक्य कात्रीने आईला दाखवलं नाही. आईने पुस्तक आधीच वाचनालयातून आणून वाचलं होतं. तीही काही बोलली नव्हती.

मंगळवारी दहाला नट आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण ताठ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा. आत येताना दारात क्षणभर थांबला, कारण थांबलं की लोक बघतात ही जुनी सवय. बघायला कात्री एकटीच होती. लेक दिसल्यावर त्याने आधी टेबलाकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या यंत्रांकडे, आणि मग म्हणाला, "तूच घेणार होय."

"मीच घेते सगळ्यांच्या," ती म्हणाली. "बसा."

कागदावर बारा प्रश्न होते. बाराही झाले. बाप झकास बोलला, बोलायला तो कधी कमी पडलाच नव्हता. कागद संपल्यावर तिने तेरावा विचारला.

"पुस्तकात तुमच्या पत्नीवर एकच वाक्य आहे. एवढंच का?"

नट गप्प झाला. इतका वेळ गप्प, की कात्रीला वाटलं आता उठून जाणार. मग तो टेबलावरच्या कापडाकडे बघत बोलायला लागला. आवाज नेहमीचा नव्हता, हळू होता.

"लिहिलं होतं. चार पानं लिहिली आणि फाडली. काय लिहू? लोक म्हणतात, काय पाठांतर या माणसाचं. कसलं डोंबलाचं पाठांतर. तुझी आई विंगेत वही घेऊन उभी असायची. नऊ वर्षं. एकेक वाक्य तिनं तिथून माझ्या तोंडात घातलं. प्रयोग संपल्यावर मी कुठं जातो, ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही घेऊन उभी. एक दिवस गप्प राहिली असती ना, तर चारचौघांत माझी शोभा झाली असती. नाही राहिली. ती नसती तर मी चार वाक्यंसुद्धा बोलू शकलो नसतो. टाळ्या मी घेतल्या, त्या तिच्या होत्या. मी तिला फार छळलं. तिचे हात धरून माफी मागायला हवी होती. नाही मागितली. आता मागतो."

आणि तो रडला. अकरा सेकंद. कात्रीने नंतर यंत्रावर मोजले. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं, की माइक ते धडधडणं पकडेल अशी तिला भीती वाटली. चाळीस वर्षं हे ऐकायची वाट बघितली होती, तिने आणि आईनेही.

नटाने रुमालाने डोळे टिपले. घसा खाकरला. "शेवटी आवाज कुठं बसला नाही ना?" म्हणाला. "हवं तर तेवढं पुन्हा घेऊ."

"नको," कात्री म्हणाली. "चांगलं आलंय." नटाची खोड आहे, जाता जात नाही, असं तिने स्वतःला समजावलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच तो ऐकतो, मग कानांचा पगार का मिळत असेना.

त्या संध्याकाळी तिने जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. धीर धरवला नाही. दारातूनच म्हणाली, "आई, बाबा आले होते. तुझ्याबद्दल बोलले."

आई मटार सोलत होती. हात थांबले. "काय बोलला?"

"मी नाही सांगत. गुरुवारी त्यांच्याच तोंडून ऐक."

"वाईट?"

"नाही गं. सगळं कबूल केलं. विंगेतलं, वहीचं, सगळं."

मटार सोलून झाल्यावर आई सालंही पुन्हा एकदा तपासत बसली. पण बुधवारी सकाळी ती आपणहून खाली गेली आणि तळमजल्यावरच्या शेजारणीला म्हणाली, उद्या सहाला या, रेडिओ ऐकायला. तीस वर्षांत आईने कुणाला घरी बोलावलं नव्हतं. तळमजलीने तिसऱ्या मजलीला सांगितलं, तिसरीने चौथीला. रात्रीपर्यंत दोन खुर्च्या वर आल्या होत्या आणि आईने पडदे धुवून टाकले होते. इमारतीला एकदा कळू दे, की आपण नुसती टाकलेली बायको नव्हतो. तिला आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं. तसं ती बोलली नाही, पण धुतलेल्या पडद्यांवरून कुणालाही कळलं असतं.

गुरुवारी चार वाजता आवाजसाहेब आले. मफलर काढला, कोमट पाणी प्यायले आणि प्रश्नांचा कागद घेऊन माइकसमोर बसले. बारा प्रश्न नीट वाचले. कात्रीने खाली जोडलेला तेरावा आला, तेव्हा तिने काचेपलीकडून मान वर केली.

साहेब वाचत होते, "आपली नायिका, जी नुकतीच आपल्याला सोडून गेली, तिच्याविषयी तुम्ही पुस्तकात फार हात राखून लिहिलंय. का?"

कात्रीने बटण दाबलं. "साहेब, प्रश्न तो नाहीये."

"मी बदललाय." त्यांनी कागद उलटा करून दाखवला. पेन्सिलीने लिहिलेलं होतं. "काल ऐकलं मी सगळं. काय बोललाय गं तुझा बाप. काटा आला. पण 'तुझी आई, तुझी आई' काय? मुलाखत मी घेतोय. माझी आई कशाला जाईल विंगेत?"

"तेवढं मी काढणारच होते. 'तुझी आई'च्या जागी 'ती' ठेवते. प्रश्न पत्नीचाच राहू दे."

"पत्नीला कोण ओळखतं?" साहेब हे अगदी प्रेमाने म्हणाले, तेच वाईट होतं. "लोक दोन महिने त्या बाईसाठी रडतायत. त्यांना हे दे. वही आणि विंग काढून टाक. 'ती नसती तर' पासून घे. जसंच्या तसं बसतंय, मी लावून पाहिलंय."

"ते खोटं आहे."

"आणि त्या शिल्पकाराचा कुत्रा?" साहेब हसले. "कात्री, आता तू मला शिकवू नकोस. नसेल करायचं तर मागच्या वर्षीचा एखादा भाग लावू. माझी हरकत नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? तिने बाहेर जाऊन बापाला फोन लावला.

"हो, कालच विचारलं मला त्यांनी," नट म्हणाला. "मीच म्हटलं, तसंच करा. अगं, तिच्या नावानं नाट्यगृह होतंय. समितीवर मी आहे. या वेळेला ते बरं दिसतं."

"आणि आई?"

"तिला काय फरक पडतोय आता, या वयात. तू सांग की तोंडी."

"बाबा, मंगळवारी तुम्ही बोललात ते खरं होतं की नाही?"

पलीकडे बाप थोडा वेळ थांबला. कुठे थांबायचं ते त्याला नेमकं कळायचं. "त्या वेळी खरंच होतं," तो म्हणाला.

कात्री परत येऊन यंत्रासमोर बसली. पाच वाजायला आले होते. घरी आई केस विंचरून बसली असेल, बायका येतील, आणि रेडिओवर मागच्या वर्षीचा कुणीतरी इतिहासकार किल्ल्यांवर बोलायला लागेल. त्यापेक्षा हे होऊ दे, निदान बाबांचा आवाज आणि ती माफी तरी कानावर पडेल, मग ती कुणाची ते आपण सांगू, तिने ठरवलं. मंगळवारचं सगळं बोलणं, एक अक्षर न कापलेलं, तिने आपल्या फोनवर उतरवून घेतलं. कार्यक्रम संपला की घरी जायचं आणि आईला खरं ऐकवायचं. बायकांनाही ऐकवायचं, हवं तर जिन्यात उभं राहून. एका तासाचा तर प्रश्न होता.

मग तिने वही कापली. विंग कापली. नऊ वर्षं कापली. तिच्या मनात आलं, एक सांधा मुद्दाम वाईट ठेवावा, एखादा श्वास अर्धा तोडावा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की इथे काहीतरी गडबड आहे. तिने तसा ठेवूनही पाहिला. पण तो इतका घाणेरडा वाटला, की तिने तो पुन्हा नीट केला. वाईट काम करायला हात वळेना. मेलं कसब म्हणजे कसब, ते कुणाच्या गळ्यावर चालतंय हे बघत नाही.

सहाला कार्यक्रम लागला. कात्रीने तो तिथेच उभ्याने ऐकला आणि सात वाजता ती घरी पोचली.

बायका गेल्या होत्या. कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या होत्या, म्हणजे जाताना त्यांनीच विसळल्या. ज्या घरात काहीतरी झालंय तिथेच शेजारणी न सांगता भांडी विसळतात. एरवी कोण कुणाचा कप उचलतं? आई खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, चष्मा मांडीवर.

"चांगलं बोलला," आई म्हणाली.

"आई, ते तसं नव्हतं."

"तळमजलीनं पाठीवर हात ठेवला माझ्या. म्हणाली, मनाला लावून घेऊ नका. मीच बोलावलं होतं ना त्यांना. चौथीनं तर विचारलंन, तुम्हाला माहीत होतं का हो हे असं लागणार म्हणून."

"आई, ऐक आधी माझं. प्रश्न बदलला त्यांनी. बाबा तुझ्याबद्दल बोलत होते, नायिकेबद्दल नाही. मी विचारलं होतं. हे बघ, माझ्याकडे खरं आहे सगळं." फोन टेबलावर ठेवून तिने आवाज पूर्ण वाढवला.

तिचाच प्रश्न आला. मग ती लांब शांतता. मग बाप. 'तुझी आई विंगेत वही घेऊन उभी असायची. नऊ वर्षं.' आईने डोळे मिटले. चेहऱ्यावर काही हललं नाही. 'टाळ्या मी घेतल्या, त्या तिच्या होत्या.' मग माफी, मग रडणं. कात्री आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आता उजळेल, आता उजळेल.

आईने डोळे उघडले. लेकीचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"छान जोडलंयस," ती म्हणाली. "सांधा कळत नाही कुठे."

"जोडलेलं नाहीये गं हे."

"असू दे. माझ्यासाठी केलंस, पुष्कळ झालं. एवढ्यासाठी थांबलीस होय आज?"

"आई, तुझी शपथ. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. मघाशी रेडिओवर लागलं ना, ते जोडलेलं होतं. ते मी कापलं. हे खरं आहे."

आई हसली, लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तसं. "त्या शिल्पकाराची गोष्ट तूच सांगितलीस ना मला? मी काय आज ओळखते तुला? शब्द मिळाले की काहीही वदवता तुम्ही."

"पण हे शब्द मी कुठून आणणार? विंग, वही, हे मी कुठून आणलं?"

"ते तुला माझ्याकडूनच माहीत. मीच सांगायचे तुला, तू लहान होतीस तेव्हा." आई समजावून देत होती, अगदी शांतपणे. "हे बघ. नऊ वर्षं मी त्याला वाक्यं दिली. त्याला स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी सुचलं नाही. 'टाळ्या मी घेतल्या, त्या तिच्या होत्या.' हे त्याचं वाक्य नाही, बाळा. हे तुझं आहे. फार सुंदर आहे, पण तुझं आहे."

कात्रीने फोन उचलला. "त्यांना फोन लावते. तूच विचार."

"नको. तू सांगितलंस तर तो हो म्हणेल. समोरचा सांगेल त्याला तो हो म्हणतो." आईने चष्मा लावला. "आणि मला राग नाही गं. ती बाई त्याच्याबरोबर स्टेजवर उभी असायची, दिव्यात. मी कुठं होते? इतकी वर्षं वाटायचं, निदान तिच्यासाठी तरी त्याच्या पोटात काही होतं की नाही. आज कळलं, होतं. नुसता नाच्या नव्हता. तेवढ्यानं बरं वाटलं बघ."

खरं कात्रीच्या हातात होतं, टेबलावर, पूर्ण आवाजात. आणि त्याचा उपयोग शून्य. आयुष्यभर ती लोकांचे शब्द कापून विकत आली आणि आता एका अस्सल वाक्याला तिच्याच घरात गिऱ्हाईक मिळेना.

"मघाचं आहे का तुझ्याकडे?" आईने विचारलं. "रेडिओवरचं?"

"आहे."

"लाव ना परत. बायका होत्या, नीट ऐकता नाही आलं."

कात्रीने लावलं. दुसरं काय करणार होती ती? आवाजसाहेबांनी आपल्या मधाळ आवाजात नायिकेबद्दल विचारलं. बापाने सांगितलं, 'ती नसती तर मी चार वाक्यंसुद्धा बोलू शकलो नसतो.' आई पुढे वाकून ऐकत होती. 'आता मागतो' झालं आणि बाप रडायला लागला. तेच रडणं, तेच अकरा सेकंद, कात्रीने त्यातला श्वाससुद्धा हलवला नव्हता.

"हे बघ," आई बोटाने फोन दाखवत म्हणाली. "हे खरं रडणं. तू केलंस त्यातलं नव्हतं असं. रडणं काही जोडून येत नाही."

कात्रीने मान हलवली.

"जरा मोठा कर," आई म्हणाली. तिने मोठा केला.